देवगिरीची अंधारी आणि ममीची दालने

व्हिडिओ खेळांच्या ज्या प्रकाराला साहसखेळ म्हणतात, त्यात खेळाडूच्या हाती एक पात्र दिलेले असते आणि ते पात्र अनोळखी वास्तूंतून चालवत, उड्या मारत, अधूनमधून लढत आणि कोडी सोडवत पुढे न्यायचे असते. त्यामुळे या प्रकारात कथेइतकेच, किंबहुना कथेहून थोडे अधिक, महत्त्व त्या वास्तूंच्या रचनेला येते. खेळाच्या परिभाषेत अशा एका सलग आणि स्वतंत्रपणे रचलेल्या जागेला ‘लेव्हल’ म्हणतात. छत्रपती संभाजीनगरात ॲनिमेशन आणि गेम डिझाइन शिकवणाऱ्या एका शिक्षकाने लेव्हल रचण्याचे मूलभूत पाठ देण्यासाठी ‘स्फिंक्स अँड द कर्स्ड ममी’ हा २००३ सालचा, इजिप्तच्या पुराणकथांवर बेतलेला खेळ वर्गात पुन्हा उघडला, त्याचे नकाशे विद्यार्थ्यांकडून काढून घेतले आणि त्याच विद्यार्थ्यांना दौलताबाद, वेरूळ व शहरालगतची लेणी त्याच नजरेने पाहायला लावली; त्या कामातून जे उमगत गेले, त्याची ही मांडणी आहे.

हा खेळ इंग्लंडमधील डर्बी येथील युरोकॉम या कंपनीने तयार केला आणि टीएचक्यू या प्रकाशकाने तो नोव्हेंबर २००३ मध्ये प्लेस्टेशन २, गेमक्यूब आणि एक्सबॉक्स या यंत्रांसाठी बाजारात आणला. ‘टूम रेडर’ मालिका घडवणारी कोअर डिझाइन ही कंपनीही त्याच डर्बीतली, आणि तिने चार वर्षे आधी, १९९९ मध्ये, मालिकेतील ‘द लास्ट रेव्हेलेशन’ या खेळात इजिप्तचीच भूमी आणि कैदेतून सुटलेला सेत हा देव विषय म्हणून घेतला होता. रोल्स-रॉईसच्या विमान इंजिनांसाठी ओळखल्या जाणाऱ्या एका औद्योगिक शहरातून इजिप्तवरचे दोन मोठे साहसखेळ निघाले, ही गोष्ट वाळूज आणि चिकलठाणा एमआयडीसीच्या सावलीत वाढलेल्या विद्यार्थ्यांना शिक्षक आवर्जून सांगतो, कारण असे काम करायचे तर पुणे, बंगळुरू किंवा परदेश गाठल्यावाचून गत्यंतर नाही, ही समजूत त्यांच्या मनात पक्की असते. ती समजूत नोकरीच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरी आहे, हेही नाकारता येत नाही. मात्र रचनेची दृष्टी कोठे तयार होते, हा प्रश्न नोकरीच्या प्रश्नाहून वेगळा आहे. स्फिंक्सच्याच महिन्यात आलेल्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या खेळाची सुरुवात भारतातील एका महाराजाच्या राजवाड्यावरील हल्ल्याने होते, आणि तो खेळ नव्याने घडवण्याचे काम २०२० मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे व मुंबई येथील स्टुडिओंकडे असल्याचे जाहीर झाले होते, २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला हलवण्यात आले. जुना खेळ पुन्हा हाती घेणे म्हणजे केवळ त्याची चित्रे उजळणे नसते, हे त्या घटनेवरून विद्यार्थ्यांना सहज पटते.

युरोकॉम २०१२ च्या अखेरीस बंद पडली. स्फिंक्स मात्र टीएचक्यू नॉर्डिक या कंपनीने २०१७ मध्ये संगणकासाठी आणि २०१९ मध्ये निन्टेंडो स्विचसाठी पुन्हा प्रसिद्ध केला, आणि ही संगणकावरची आवृत्ती साध्या, काही वर्षे वापरलेल्या संगणकावरही सुरळीत चालते, हे त्याच्या निवडीमागचे एक अगदी व्यावहारिक कारण होते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. अलीकडच्या महागड्या खेळांत भूभाग इतका विस्तीर्ण आणि तपशील इतका दाट असतो की शिकणाऱ्याला त्यामागचा सांगाडा दिसत नाही. २००३ च्या यंत्रांच्या मर्यादेमुळे स्फिंक्समधील प्रत्येक दालन मोजके आहे, प्रत्येक खांब काही कारणाने उभा आहे आणि रचनाकाराचा हेतू भिंतीच्या पृष्ठभागावरच वाचता येतो.

खेळाच्या कथेत दोन नायक आहेत. पहिला स्फिंक्स, म्हणजे सिंहाची शेपटी लाभलेला तरुण अर्धदेव, हा इम्होतेपचा शिष्य असून गुरूच्या सांगण्यावरून ओसायरिसची तलवार आणायला उरुकच्या भूमीत जातो. दुसरा तरुण राजपुत्र तुतानखामेन, ज्याला त्याचा भाऊ अखेनातेन एका विधीत फसवून ममी बनवतो. हा भाऊ म्हणजे वस्तुतः वेषांतर केलेला सेत असतो. इतिहासाशी हे जुळत नाही, कारण अखेनातेन हा तुतानखामेनचा भाऊ नसून बहुतेक अभ्यासकांच्या मते पिता होता, आणि उरुक हे नगर इजिप्तमधले नसून मेसोपोटेमियातले, आजच्या इराकमधले आहे. इम्होतेप मात्र खराखुरा होऊन गेला: जोसर राजासाठी सक्कारा येथे बांधलेल्या पायऱ्यांच्या पिरॅमिडचे श्रेय परंपरा त्याला देते आणि पुढे तो देवपदाला पोचला. नायकाचा गुरू म्हणून एका स्थपतीची निवड व्हावी, हा योगायोग असो वा विचार, या खेळाला तो फार शोभून दिसतो.

स्फिंक्सचे भाग साहसखेळाच्या रूढ चाकोरीतले आहेत: तलवार, ढाल, फुंकनळी, उंच उड्या, आणि नवे साधन मिळाले की पूर्वी बंद असलेली वाट मोकळी होण्याची १९९८ च्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा: ओकारिना ऑफ टाइम’मध्येही दिसणारी रीत. वर्गात हे भाग आवडीने खेळले गेले आणि त्यांच्यावर फारशी चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती ममीच्या भागांवर, आणि तीच या लेखाचा गाभा आहे.

ममीला कोणतेही शस्त्र नाही. तो उरुकच्या किल्ल्यात एकटा, चवड्यांवर पावले टाकत, बिचकत फिरतो, आणि त्याच्याकडे एकच सामर्थ्य आहे: तो आधीच मेलेला असल्याने पुन्हा मरू शकत नाही. किल्ल्यातील सापळे शत्रूला ठार करण्यासाठी मांडलेले आहेत, परंतु ज्याला ठार करता येत नाही त्याच्या हाती ते सापळेच साधने बनतात. ज्वाळेत शिरल्यावर ममीच्या पट्ट्या पेट घेतात आणि तो जळत्या अंगाने धावत जाऊन वाटेतला लाकडी अडसर जाळतो. विजेच्या झोताखाली उभा राहिल्यावर त्याच्या अंगात वीज भरते. वजनाखाली चिरडला गेल्यावर तो कागदासारखा चपटा होऊन गजांमधून निसटतो. आणि पात्याने कापला गेल्यावर त्याचे तीन छोटे ममी होतात, जे तीन वेगवेगळ्या कळांवर उभे करता येतात. खेळाडूने नीट पाहिले, तर प्रत्येक दालनाचे कोडे एकाच प्रश्नात सामावलेले असते: येथे कोणती इजा उपलब्ध आहे आणि ती कोठवर वाहून न्यायची आहे? जळणाऱ्या ममीच्या वाटेत पाणी आले तर आग विझते, म्हणून आगीची जागा, पाण्याची जागा आणि जाळायच्या वस्तूची जागा यांच्यातील अंतर हाच त्या दालनाचा खरा नकाशा होय. विद्यार्थ्यांनी आलेखाच्या कागदावर दालने उतरवली तेव्हा भिंती आणि दारे त्यांनी अचूक मांडली. मात्र आग लागल्यापासून ती विझेपर्यंतचा मार्ग वेगळ्या रंगाने काढायला सांगितल्यावरच कागदावर रचना प्रकट झाली, आणि भिंती त्या मार्गाभोवती नंतर उभ्या केल्यासारख्या दिसू लागल्या.

ही कल्पना इजिप्तच्या कथेत किती खोल रुजलेली आहे, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. ओसायरिसला त्याचा भाऊ सेत कपटाने मारतो, त्याच्या देहाचे तुकडे करून ते दूरवर विखुरतो, आणि त्याची पत्नी आयसिस ते गोळा करून, बांधून, त्याला मृतांचा राजा म्हणून पुन्हा उभा करते. ममी करण्याच्या विधीमागे हीच कथा आहे. त्या विधीत यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी देहातून काढून होरसच्या चार पुत्रांच्या रक्षणाखालील चार कलशांत ठेवीत असत. खेळात हे कलश तुतानखामेनच्या आत्म्याचे अंश धारण करतात; स्फिंक्सने जगभर फिरून ते शोधायचे आणि बास-केट नावाच्या, पाय असलेल्या टोपलीने ते ममीपर्यंत पोचवायचे, अशी योजना आहे. तुकड्यांत विभागला जाणारा, आणि तरीही नाश न पावणारा देह ही मूळ कथेतली श्रद्धा आहे, आणि खेळाच्या रचनाकारांनी तीच उचलून तिला नियमाचे रूप दिले. पुराणकथा खेळात आणण्याचे दोन मार्ग संभवतात: तिची नावे आणि वेषभूषा उसनी घेणे, किंवा तिच्या आतला तर्क नियम म्हणून चालवणे. बहुसंख्य खेळ पहिल्या मार्गावर थांबतात, आणि स्फिंक्सच्या तलवारबाजीचे भागही त्याला अपवाद नाहीत. ममीचे भाग दुसऱ्या मार्गाने गेले आहेत, म्हणून वीस वर्षांनंतरही ते शिळे वाटत नाहीत.

वर्गातील अनुभवाचा एक पैलू भाषेशी निगडित आहे. सिल्लोड, कन्नड, पैठण, वैजापूर अशा तालुक्यांतून आलेले अनेक विद्यार्थी मराठी माध्यमात शिकलेले असतात, आणि इंग्रजी संवाद वेगाने बोलले जाणारे नवे खेळ त्यांच्या कानांवरून निघून जातात. स्फिंक्समध्ये संवादांना आवाज दिलेला नाही. मजकूर पडद्यावर येतो आणि बटन दाबेपर्यंत थांबून राहतो, त्यामुळे शेजाऱ्याला विचारून, अर्थ लावून पुढे जाता येते. ममीच्या भागांत तर मजकूर फारच थोडा आहे. जे काही सांगायचे ते दालनच सांगते, आणि तेथे शहरातील इंग्रजी शाळांतून आलेले व तालुक्यातून आलेले यांच्यातील अंतर उरत नाही. उलट ज्यांनी शेतातल्या पाटाचे पाणी कोठून वळवायचे हे लहानपणापासून पाहिले आहे, ते वाहत्या पाण्याची आणि आगीची कोडी अधिक चटकन सोडवतात, असे शिक्षकाच्या पाहण्यात आले.

यानंतर वर्ग दौलताबादला नेण्यात आला. शहरापासून वेरूळच्या वाटेवर सुमारे पंधरा किलोमीटरवर असलेला हा किल्ला, म्हणजे यादवांची देवगिरी, शालेय सहलींमुळे प्रत्येकाच्या परिचयाचा असतो. परंतु त्याच्याकडे रचलेली लेव्हल म्हणून पाहिल्यावर त्याचा प्रत्येक भाग बोलू लागतो. शंकूसारख्या डोंगराच्या पायथ्याचा कातळ तासून उभा सरळ कडा केलेला आहे, जेणेकरून चढण्याची एकही खाच राहू नये. कड्याभोवती कातळातच खोदलेला खंदक आहे. खंदक ओलांडण्याचा मार्ग अरुंद आणि एकच आहे. आणि तो ओलांडल्यावर समोर येते ती अंधारी. अंधारी म्हणजे डोंगराच्या पोटातून वर चढत जाणारा, वळणे घेणारा, पूर्ण काळोखाचा मार्ग. येथे पायऱ्यांची उंची सारखी नाही, त्यामुळे चालण्याला लय सापडत नाही आणि पायाचा अंदाज दर वेळी चुकतो; वळणे अशी आहेत की पुढचा माणूस काही पावलांत नाहीसा होतो; छत काही ठिकाणी इतके खाली येते की वाकावे लागते, आणि वाकलेल्या माणसाला शस्त्र उगारता येत नाही. वाटेत एके ठिकाणी उजेड दिसतो, आणि काळोखाने त्रासलेला शत्रू साहजिकच त्या उजेडाकडे वळला की थेट खाली खंदकात पडेल अशी योजना होती, असे वाटाडे सांगतात. वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर आग पेटवून धूर व उष्णता आत सोडण्याची सोय होती. आता पर्यटकांसाठी अंधारीला वळसा घालणाऱ्या पायऱ्या आहेत, तरी आतून जायचे ठरवले तर वटवाघळांच्या वासापासूनच तिचा प्रत्यय येऊ लागतो.

खेळाच्या रचनाकाराला या मार्गात आपल्या व्यवसायातील जवळपास प्रत्येक युक्ती सापडते, मात्र उलट्या हेतूने वापरलेली. खेळात उजेड हा विश्वासाचा संकेत असतो: जिकडे प्रकाश तिकडे पुढची वाट, हे खेळाडूला न सांगता कळावे अशी रचना केली जाते. अंधारीत तोच संकेत मृत्यूकडे नेतो. खेळात उडीचे अंतर आणि पायरीची उंची काटेकोर मापात बांधलेली असतात. टूम रेडरच्या सुरुवातीच्या खेळांत तर सारी सृष्टी समान चौकोनांवर उभी होती आणि उभ्याने मारलेली उडी किती चौकोन ओलांडते, धावत मारलेली किती, हे खेळाडूच्या अंगात भिनत असे. अंधारीने नेमके हेच माप मोडून ठेवले आहे. साहसखेळातील दुर्ग कितीही भयंकर दिसला तरी त्याची मनोमन इच्छा खेळाडूने तो जिंकावा अशी असते, म्हणून तो प्रत्येक संकटाची आगाऊ सूचना देतो. देवगिरी अशी कोणतीही सूचना देत नाही, कारण तिला कोणी वर यायला नको आहे. आणि इतिहासही असे सांगतो की हा किल्ला त्याच्या वाटेवरून चालत जाऊन सहसा कोणी घेतला नाही: १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीच्या वेढ्यात यादव राजा रामदेवराय याला तह करावा लागला तो धान्य म्हणून गडावर चढवलेल्या पोत्यांत मीठ निघाल्यामुळे, अशी कथा प्रसिद्ध आहे. खेळाडूजवळच्या वस्तूंची यादी रचनेइतकीच निर्णायक ठरते, हा धडा विद्यार्थ्यांनी या कथेतून आपणहून काढला.

वेरूळला मिळालेला धडा वेगळ्या जातीचा होता. कैलास लेणे, म्हणजे सोळावे लेणे, आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात, डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदत आणले गेले, हे पाठ्यपुस्तकात असतेच. पण जे पाठ्यपुस्तकात नसते ते असे की संगणकातल्या खेळांच्या सृष्टीही काही काळ अशाच कोरल्या जात होत्या. १९९८ मध्ये आलेल्या अनरिअल या खेळाच्या इंजिनमध्ये, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूलभूत प्रणालीमध्ये, सारे जग आरंभी भरीव मानलेले असे. रचनाकार त्यातून दालने वजा करत जाई आणि जे उरे ती वास्तू. क्वेकसारख्या खेळांची रीत उलट होती, तेथे रिकाम्या पोकळीत भिंती उभ्या केल्या जात. अनरिअलनेही पुढच्या पिढ्यांत वजाबाकीची सक्ती सोडली आणि आज विद्यार्थी जी आवृत्ती शिकतात तिच्यात वस्तू मांडत जाण्याचीच सवय असते. शिक्षकाने एका सरावात मुद्दाम भरीव ठोकळ्यातून कोरण्याची अट घातली, तेव्हा रचनांत एक गुण आला जो एरवी येत नाही: खांब, छत आणि जमीन एकमेकांपासून सुटी राहिली नाहीत, आणि दालनाला जाडी आली. कोरताना काय ठेवायचे याचा निर्णय आधी घ्यावा लागतो, कारण एकदा काढलेला दगड परत लावता येत नाही. संगणकात तो परत लावता येतो, परंतु आपल्याला ती मुभा नाही असे मानून काम केल्यास हात विचारपूर्वक चालतो.

कैलासाचे प्रवेशद्वारही दीर्घ काळ थांबून पाहण्याजोगे आहे. बाहेरून मंदिर दिसू नये अशी आडवी भिंत आहे. दारातून आत आल्यावर समोर शिखर दिसत नाही, तर गजलक्ष्मीचे मोठे शिल्प अगदी सामोरे येते आणि पाऊल थांबते. सरळ जाता येत नाही, डावीकडे किंवा उजवीकडे वळावे लागते, आणि वळल्याबरोबर प्रांगण, प्रचंड हत्ती, ध्वजस्तंभ आणि उंच जोत्यावरचे मंदिर एकदम उघडे होते. दडवणे, अडवणे आणि मग एका वळणात सर्व काही देणे, ही क्रिया स्फिंक्समधील ॲबिडोस आणि हेलिओपोलिस या नगरांच्या वेशींवरही आढळते, आणि दोन्ही ठिकाणी तिचा परिणाम देहावर होतो, कारण थांबलेला माणूस पुढच्या दृश्यासाठी नकळत तयार झालेला असतो. वेरूळची ही गजलक्ष्मी मात्र केवळ अडसर नाही, तिला नमस्कार करून पुढे जायचे आहे. अडथळ्याला आदराचे स्थान करण्याची ही युक्ती खेळांनी अजून पुरती आत्मसात केलेली नाही, असे शिक्षकाचे ठाम मत आहे.

विद्यापीठामागच्या डोंगरातील औरंगाबाद लेण्यांपैकी तिसऱ्या लेण्याची भेट अगदी थोडक्यात सांगण्यासारखी असूनही तीच विद्यार्थ्यांच्या सर्वाधिक लक्षात राहिली. गाभाऱ्यात बुद्धमूर्तीसमोर, दोन्ही बाजूंना, जवळपास माणसाच्या मापाचे भक्तगण गुडघे टेकून, हात जोडून बसलेले कोरले आहेत. त्यांचे केस, दागिने, वाकलेल्या माना इतक्या जिवंत आहेत की आत येणारा माणूस त्यांच्या रांगेत आपोआप सामील होतो. या जागी कसे वागावे, हे येथे पाटी लावून सांगितलेले नाही, शेजारी बसलेल्यांनी ते दाखवले आहे. खेळात नवख्या खेळाडूला नियम शिकवण्यासाठी जो भाग असतो त्याला ‘ट्युटोरियल’ म्हणतात, आणि तो बहुधा सूचनांच्या चौकटींनी भरलेला असतो. स्फिंक्सची सुरुवातही त्यातून सुटलेली नाही.

जुन्या खेळाचे दोषही वर्गात स्पष्ट दिसले. खेळ आपोआप जतन होत नाही, ठरावीक ठिकाणीच जतन करावा लागतो, आणि ही ठिकाणे बरीच दूर दूर आहेत. तो प्रसिद्ध झाला तेव्हाही समीक्षकांनी यावर बोट ठेवले होते. काही विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात यामुळे कंटाळले. मात्र जे टिकले, ते जतनस्थान ओलांडल्यावर प्रत्येक कोपऱ्याकडे अधिक काळजीने पाहू लागले.

देवांचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे आणि तो टाळून पुढे जाणे या शहरात शक्य नाही. इजिप्तच्या चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख फिली येथील मंदिरात इसवी सन ३९४ मध्ये कोरला गेला. त्या देवतांची अखंड उपासना संपून शतके लोटली आहेत, म्हणून सेतला खलनायक आणि अनुबिसला सहायक करताना डर्बीतील रचनाकारांना कोणाच्या देवघराचा विचार करावा लागला नाही. भारताची गोष्ट वेगळी आहे. १९९८ च्या ‘टूम रेडर ३’ मध्ये भारतातील पडक्या मंदिरांत अनेक हातांच्या शिवमूर्ती जिवंत होऊन नायिकेवर तलवारी चालवतात आणि तिने त्या फोडायच्या असतात. वेरूळमध्ये रावणानुग्रहाचे शिल्प पाहून, पुढे काही मिनिटांवर घृष्णेश्वराच्या ज्योतिर्लिंगाला बेल वाहून आलेल्या विद्यार्थ्यांना हे दृश्य दाखवल्यावर वर्गात जी शांतता पसरली, तिला कोणत्याही विवेचनाची गरज नव्हती. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ साठी भारतात तयार झालेल्या ‘हनुमान: बॉय वॉरियर’ या खेळावरही, देवतेची हालचाल खेळाडूच्या बोटांवर ठेवल्याबद्दल आक्षेप घेतला गेला होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ करताना यातून एक सुजाण वाट काढली: नायिका साधी मानवी मुलगी आहे, ती हरवलेल्या भावाला शोधते, आणि दुर्गा व विष्णू तिची कथा सांगतात, तिला आयुधे देतात, पण खेळाडूच्या हातात येत नाहीत. वर्गातील मुलांनीही चर्चेअंती देवतांना हात न लावता द्वारपाल, यक्ष आणि गण यांच्यामधून पात्रे निवडली. वेरूळच्या शिल्पपटांत तळाशी नाचणारे, ढोल वाजवणारे, एकमेकांची खोडी काढणारे बुटके गण विपुल आहेत, आणि शिवाच्या परिवारातील असल्याने त्यांना मरणाचे भय नसावे, ही कल्पना त्यांना ममीकडे पाहूनच सुचली.

त्यातून जो सराव उभा राहिला तो असा. अंधारीचा ‘ग्रेबॉक्स’, म्हणजे रंग व नक्षी न देता केवळ करड्या ठोकळ्यांनी केलेला कच्चा आराखडा, तयार करण्यात आला आणि तिच्यातून न मरणारा एक गण वर न्यायचा, असे ठरले. वरच्या तोंडाशी असलेली आग, जी शत्रूला गुदमरवण्यासाठी होती, तीच या गणाला पेटवते, आणि पेटलेला गण हाच अंधारीतला एकमेव दिवा ठरतो. फसवा उजेड त्याला खंदकात पाडतो, पण खंदकात पडल्यावर विझलेला, भिजलेला गण अशा एका झरोक्यातून आत शिरतो जेथे कोरड्या गणाला प्रवेश नाही. किल्ल्यातील एकही सापळा बदलावा लागला नाही, केवळ मरण काढून घेतले, आणि ज्या वास्तूने कोणालाही वर येऊ द्यायचे नाही असे ठरवले होते ती पायरीपायरीने वाट देऊ लागली.

पहिल्या तुकडीबरोबर आधी खेळ आणि मग किल्ला असा क्रम होता, आणि त्याचा परिणाम असा झाला की मुले देवगिरीवर कळा, किल्ल्या आणि गुप्त दारे शोधत फिरली. पुढच्या तुकडीला शिक्षकाने आधी अंधारी, नंतर कैलास आणि तिसरे लेणे, आणि सर्वांत शेवटी स्फिंक्स दाखवला; तेव्हा मात्र खेळातल्या दालनात शिरताच ही मुले विचारू लागली की हा खांब येथे कोणी आणि कशासाठी ठेवला असेल. हाच क्रम आता कायम करण्यात आला आहे.

अंधारीच्या आराखड्यात दोन अडचणी निघाल्या. पडदा काळा केला की मुले पडद्याचा उजळपणा वाढवून मोकळी होत, म्हणून काळोख डोळ्यांऐवजी कानांकडे सोपवण्यात आला: वटवाघळांची फडफड, वळणापलीकडे बदलणारा पावलांचा नाद आणि दूरवरच्या आगीची धग सांगणारा आवाज, ज्यांच्या आधाराने दिशा ओळखता यावी. असमान पायऱ्यांचा प्रश्न अधिक चिवट आहे, कारण आजची इंजिने पात्राचे पाऊल प्रत्येक पायरीवर आपोआप नीट बसवतात आणि अडखळणे, जो अंधारीचा प्राण आहे, तेच त्यात हरवते. पायरीच्या उंचीतील फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की गणाचा तोल जावा आणि तो सावरण्यासाठी खेळाडूला क्षणभर थांबावे लागावे, अशी सोय आता बसवली जात आहे. तो क्षण किती लांबीचा ठेवावा, यावर वर्गात अजून एकमत झालेले नाही.